फाटकावरची वाकळ

"मॅडम, तुमची पेशंट माझ्याकडे ॲडमिट आहे," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही फाईल बंद केली होती ना?"

दुपारचे साडेबारा वाजले होते. राजारामपुरीतल्या माझ्या क्लिनिकमध्ये एक नवरा-बायको एकमेकांकडून तोंड फिरवून बसले होते. त्यांना "एक मिनिट" म्हणून मी फोन घेऊन जिन्यात आले.

"कोण पेशंट?"

"रत्नप्रभाताई. इन्फेक्शन आहे, ताप आहे. लघवीला होईल म्हणून पाणी पीत नाहीत. पुन्हा पहिल्यासारखं. तुम्ही तर सप्टेंबरात मला सांगितलंत की केस सुटली."

सांगितलं होतं. नुसतं सांगितलं नव्हतं, मोठ्या ऐटीत सांगितलं होतं.

मी कौन्सेलर आहे. कोल्हापुरात तेवीस वर्षं हे काम करतेय. रत्नप्रभाताईंचं खरं नाव वेगळं आहे आणि हे सगळं त्यांना विचारूनच लिहितेय. त्यांनी एकच अट घातली. "वाकळीचं झाकून लिहू नका," म्हणाल्या. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची हातानं शिवलेली गोधडी. भिजली की दोन दोन दिवस वाळत नाही.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा चौपन्न वर्षांच्या होत्या. हातकणंगल्याकडच्या जैन शेतकरी घरातल्या. मिस्टरांचं शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे आणि तिथलं ऑफिस ताई सांभाळतात. मुतखड्याचं तिसरं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर वैतागले आणि त्यांनी माझ्याकडे चिठ्ठी दिली. चिठ्ठीत एकच ओळ होती, "या बाई पाणी का पीत नाहीत ते शोधा."

घरात सगळ्यांना वाटायचं की हा त्यांचा नियम आहे. जैन घरांत दिवस मावळल्यावर न खाण्याचा, न पिण्याचा नियम बरेच जण पाळतात. श्रद्धेनं पाळणाऱ्याला माझा नमस्कार आहे. ताई अकराव्या वर्षापासून दुपारपासूनच पाणी पिणं बंद करत होत्या, आणि नात्यातले लोक कौतुक करत होते की एवढ्या लहान वयात केवढा धर्म. पहिल्याच सेशनमध्ये मीही तेच विचारलं.

"माझा कसला नियम न्हाय मॅडम," त्या म्हणाल्या. कोल्हापूरकडच्या बायकांसारखं त्याही स्वतःबद्दल 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. "मी भ्यायल्यालो. आजून भितो. लोकं नियम म्हणत्यात, मी म्हणू देतो."

कशाला भ्यायल्या होत्या, ते यायला तीन सेशन लागले. गावात हायस्कूल नव्हतं, म्हणून पाचवीला त्यांना तालुक्याच्या गावी काका-काकूंकडे ठेवलं होतं. तिथं त्या रात्री अंथरूण ओलं करायला लागल्या. काकूंनी पहिल्यांदा ओरडून बघितलं. मग एक दिवस ती ओली वाकळ रस्त्याकडच्या फाटकावर टाकली आणि पोरीला युनिफॉर्म घालून तिच्याशेजारी उभं केलं. शाळेची घंटा होईपर्यंत. वर्गातल्या सगळ्या मुली त्याच रस्त्यानं जायच्या. हे एकदा नाही, सहा-सात वेळा झालं. ते घर सुटल्यावर ताई आईच्या घराशिवाय आणि पुढं सासरच्या घराशिवाय कुठंही मुक्कामाला राहिल्या नाहीत. लग्नाकार्याला जायचं आणि काहीही करून घरी परतायचं.

आता मात्र अडचण आली होती. मुलगी बेंगळुरूला नोकरी करते. पहिलं बाळंतपण नोव्हेंबरात होतं, आणि तिला ते तिथल्याच हॉस्पिटलमध्ये करायचं होतं. आईनं दोन महिने येऊन राहावं, बाळाला न्हाऊ घालावं, एवढंच तिचं मागणं होतं.

"माझी पोरगी मला बोलावती आणि मला त्या घरातल्या गादीचं भ्या वाटतंय," ताई म्हणाल्या. "मी आई हाय का कोण?"

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. मी त्या वर्षी पुण्यात एका नवीन पद्धतीचं ट्रेनिंग घेऊन आले होते. तिला पार्ट्स थेरपी म्हणतात. माणसाच्या आत एकच मन नसतं, एक एकत्र कुटुंब असतं, असं ती मानते. त्या घरात कुणी पहारा देतं, कुणी टोचून बोलतं, आणि कुणीतरी, बहुतेक वेळा एखादं लहान पोर, लाजेपायी मागच्या खोलीत कोंडलेलं असतं. या सगळ्यांच्या वर एक घरचा कर्ता असतो. तो शांत असतो आणि कुणालाही हाकलत नाही. कौन्सेलरनं त्या कोंडलेल्या पोरापर्यंत स्वतः धावायचं नसतं. पहारेकऱ्याची परवानगी घ्यायची, घरच्या कर्त्याला पुढं करायचं आणि आपण बाजूला बसायचं, एवढंच काम.

चौथ्या सेशनला पहारेकरी सापडला. डोळे मिटून ताई म्हणाल्या, "गळ्यात बसलाय. आमच्या युनिटच्या वॉचमनसारखा. सही केल्याशिवाय पाणी आत सोडत न्हाय."

"त्याला विचारा, पाणी आत सोडलं तर काय होईल असं त्याला वाटतं?"

"फाटकावर उभं करतील म्हणतोय."

त्याच्याशी आम्ही दोन सेशन बोललो. हे काम मी चांगलं केलं, ते सांगायला मला लाज नाही. सहाव्या सेशनला वॉचमन बाजूला झाला आणि ती मुलगी दिसली. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत, वाकळीच्या वासात उभी. ताईंचे खांदे हलायला लागले. आणि मग अचानक सगळं थांबलं. चेहरा एकदम गुळगुळीत झाला, दोन्ही हात जोडले गेले, आवाज मऊ झाला.

"काकूंचं तरी काय चुकलं?" त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "दोन लहान पोरं, अंथरुणाला खिळल्याली सासू. त्यांनी तरी किती धुवायचं? मी क्षमा केली त्यांना."

मला वाटलं, हाच तो घरचा कर्ता. एवढी शांतता, एवढा मोठेपणा! त्या भरात मी विचारलं, "ती मुलगी हे ऐकतेय का?"

"तिनं आता गप बसावं," ताई त्याच मऊ आवाजात म्हणाल्या.

मी ते वाक्य फाईलमध्ये लिहिलं. तारीख घालून, माझ्याच अक्षरात. आणि पुढं गेले.

त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता ताई माझ्या क्लिनिकमध्ये एक ग्लास पाणी प्यायल्या. त्यांनी बेंगळुरूचं तिकीट काढलं. मी इतकी हुरळून गेले की जिना उतरताना त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. असं मी कुणासाठी करत नाही.

आमच्या धंद्यात प्रत्येकानं आपलं काम एखाद्या जाणत्याला दाखवायचं असतं. त्याला सुपरव्हिजन म्हणतात. माझे सर पुण्यात असतात. मी फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी मला तारखा पुन्हा विचारल्या.

"सहाव्या सेशनला क्षमा? इतक्या लवकर? कोण बोललं ते?"

"कोण म्हणजे? त्याच बोलल्या."

"त्या म्हणजे त्यांच्या आतलं कोण? त्या मुलीला रागवायला मिळालं का?"

मला राग आला. "सर, तुम्ही इकडच्या लोकांना ओळखत नाही," मी म्हणाले. "क्षमा यांच्या घरातच आहे. ती शिकवावी लागत नाही."

हे बोलण्यामागं माझं बालपण होतं. आमच्या शेजारी जैन कुटुंब होतं. पर्युषण संपलं की क्षमावणीच्या दिवशी त्या घरातले आजोबा आमच्याकडे येत आणि माझ्या आईपुढं हात जोडत, "कळत-नकळत काही चुकलं असलं तर क्षमा करा, बाई." सत्तरीचा माणूस माझ्या तिशीच्या आईपुढं! आमच्या घरात कुणी कुणाची कधी माफी मागितली नव्हती. आमच्यात भांडण मिटायचं ते भाकरी आपटून. त्यामुळं जोडलेले हात बघितले की माझी अक्कल चालेनाशी होते. हे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं, कारण दुसऱ्यांच्या आतलं शोधायचं काम मी करते.

पुढच्या सेशनला ताई म्हणाल्या, "परवा क्षमावणी हाय. काकूंकडं जाऊन येऊ व्हय? गेली चाळीस वर्सं जातोच. औंदा मनापासनं जातो."

"जा की," मी म्हणाले. "यापेक्षा चांगलं क्लोजर कुठलं!"

क्लोजर म्हणजे केसचा शेवटचा टप्पा. गाठ सुटली, आता गरज नाही. मी फाईलवर तसं लिहिलं आणि डॉक्टरांना फोन केला. नंतर एका महिला मंडळात व्याख्यान होतं. तिथं नाव न घेता हीच केस सांगितली. बायकांनी डोळे पुसले, मी शाल घेतली.

मंडळात टाळ्या वाजत होत्या तेव्हा बेंगळुरूचं तिकीट रद्द झालेलं होतं. मला ते डिसेंबरात, डॉक्टरांचा फोन आल्यावर, दवाखान्यात जाऊन कळलं.

ताई खिडकीजवळच्या कॉटवर होत्या. उशाशी पाण्याची बाटली होती, सील न तोडलेली. मला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला.

"तुम्ही कशाला तरास घेतला मॅडम?"

"काकूंकडं काय झालं?" मी विचारलं.

त्या छताकडं बघत बोलल्या. क्षमावणीला काकूंच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या बैठकीच्या खोलीत, पंधरा-वीस माणसं होती. ताईंनी हात जोडले, "कळत-नकळत काही चुकलं असलं तर क्षमा करा काकू." काकू आता पंच्याहत्तरीच्या आहेत, पण आवाज खणखणीत आहे. त्या म्हणाल्या, "चुकलं म्हंजे? चार वाकळा नासवल्यास की गं माझ्या! जा, केली क्षमा." सगळा सोपा हसला. नव्या सुनांना ठाऊक नव्हतं, त्यांनी विचारलं. काकूंनी त्यांना पहिल्यापासून सांगितलं.

"आणि तुम्ही?"

"मीबी हसलो की. काय करणार?"

"मग?"

"मग घरला आलो. त्या रात्री अंथरूण वलं झालं मॅडम. चाळीस वर्सांनी. मिस्टर उठायच्या आत मी सगळं धुतलं. पोरीला सांगितलं, गुडघा धरलाय, मला येणं व्हायचं न्हाय. तिकडं तिच्या सासूबाई जाऊन ऱ्हायल्यात. नातू झालाय." त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. "पोरगी जास्ती बोलत न्हाय. आई, तू कायम असंच करतीस, एवढंच म्हणाली."

मी म्हणाले, "माझं चुकलं. मी तुम्हाला जा म्हणाले."

ताईंचा चेहरा गुळगुळीत झाला. दोन्ही हात जोडले गेले. सलाइनची नळी ताणली गेली.

"तुमची काय चूक न्हाय मॅडम. मी क्षमा केली तुम्हाला. मनापासनं."

तो आवाज मी ओळखला. सहाव्या सेशनमधला तोच मऊ आवाज. तेव्हा मला तो मोठेपणा वाटला होता. काकूंच्या सोप्यात हसल्यावरही बहुतेक हेच हात जोडले गेले असणार. आणि आज मी काकूंच्या जागी होते.

मी खुर्ची जवळ ओढली. "ताई, हे हात कोण जोडतंय?"

त्यांनी डोळे उघडले. हाताकडं बघितलं, जणू दुसऱ्या कुणाचे होते.

"ती सवयच हाय," त्या हळूच म्हणाल्या.

"आणि ती मुलगी?"

"ती तुमच्याकडं पाठ करून उभी हाय."

"बरोबर आहे तिचं," मी म्हणाले. "तिला गप बसवलं तेव्हा मी तिथंच होते, आणि मी लिहून घेतलं."

त्या दिवशी एवढंच झालं. मी त्यांना सांगितलं की दुसरा कौन्सेलर हवा असेल तर मी नाव देते, वाईट वाटून घेणार नाही. वाईट वाटणार होतंच, पण तो माझा प्रश्न होता. आठवड्यानं त्यांचा फोन आला. "सुरुवातीपासनं दुसऱ्या कुणाला सांगायचं म्हंजे पुन्हा फाटकावर उभं राहायचं. तुमच्याकडंच येतो."

मी सरांना फोन केला. 'बघा, मी म्हणालो होतो' असं काही ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला सहाव्या सेशनचं पान काढायला लावलं आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं. मी वाचलं, "तिनं आता गप बसावं."

"घरचा कर्ता रडणाऱ्या पोराला असं म्हणेल?" सरांनी विचारलं.

"नाही."

"मग ते कोण होतं?"

"दुसरा वॉचमन," मी म्हणाले.

पहिला वॉचमन गळ्यात दांडकं घेऊन बसला होता, म्हणून मला दिसला. हा दुसरा हात जोडून उभा होता आणि त्याला मी घराचा मालक समजले. या गफलतीबद्दल ट्रेनिंगमध्ये स्पष्ट सांगितलं होतं. शांत आवाज म्हणजे कर्ताच असं समजू नका, त्या पोराबद्दल त्याला काय वाटतं ते आधी विचारा. मी विचारलं नव्हतं. उत्तर मात्र आपणहून आलं होतं आणि मी ते नुसतं टिपून घेतलं.

मग आम्ही त्या हात जोडणाऱ्या भागाशी बोललो. घाई केली नाही. तो कधी आला, असं विचारल्यावर ताईंना काकूंकडची पहिली क्षमावणी आठवली. काकांनी पोरीला पुढं ढकललं होतं, "काकूला क्षमा माग, लई तरास देतीस." तिनं हात जोडले. माणसं म्हणाली, किती गुणी पोर. काकूंनी गालावरनं हात फिरवला, आणि पुढचे आठ दिवस वाकळ फाटकावर गेली नाही. अकरा वर्षांच्या पोरीला एवढं पुरेसं होतं. हात जोडले की सुटका होते, हे तिनं पक्कं धरलं.

"क्षमा मोठीच गोष्ट हाय मॅडम," ताई एकदा म्हणाल्या. "पण तवा ती मी मागायची नव्हती."

आठ महिने लागले. पैकी पाच महिने त्या मुलीनं नुसती पाठ केली होती. आम्ही दोघी तिच्या पाठीशी बसून राहायचो. कुणी तिला समजावलं नाही. एक दिवस ती म्हणाली, म्हणजे ताईंच्या तोंडून म्हणाली, "आदी ती वाकळ काढा."

एवढंच हवं होतं तिला. चाळीस वर्षं सगळे काकू चूक की बरोबर यातच अडकले होते, मीही, आणि वाकळ फाटकावरच होती. ताईंनी डोळे मिटून ती स्वतःच्या हातानं उतरवली, घडी घातली, पोरीला आत नेलं, कोरडे कपडे दिले. मग ती मुलगी तोंड उघडून बोलली. काय बोलली ते लिहीत नाही. कोल्हापूरची पोरगी चिडल्यावर जे बोलते तेच बोलली. ताईंनी सगळं ऐकून घेतलं, एकदाही हात जोडले नाहीत.

पुढच्या सप्टेंबरात क्षमावणीला ताई सगळ्यांकडे गेल्या, काकूंकडे गेल्या नाहीत. नात्यात बोभाटा झाला. "होऊ दे की," म्हणाल्या.

नोव्हेंबरात नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला त्या बेंगळुरूला गेल्या. तीन रात्री राहिल्या. बॅगेत रबरी शीट होतं. दोन रात्री घातलं, तिसऱ्या रात्री विसरल्या. दोन महिन्यांचं न्हाऊमाखू मात्र कुणी परत देत नाही. नातू आजी म्हणून दुसऱ्या आजीकडे झेपावतो. मुलगी आता बोलते, पण काहीतरी अंतर ठेवून बोलते. ताईंनी तिला खरं कारण सांगितलं. ती रडली आणि म्हणाली, "आई, हे आधी सांगितलं असतंस तर!" ताईंना आधी सांगता आलं असतं, जर पहिल्या सप्टेंबरात मी टाळ्या घ्यायला गेले नसते तर. हा हिशेब मी स्वतःशी अधूनमधून करते आणि तो दर वेळी माझ्याच नावावर निघतो.

व्याख्यानात मी ती केस पुन्हा सांगितली नाही. शाल कपाटात आहे. कुणाला द्यावीशीही वाटत नाही.

आता कुणी पहिल्या दोन महिन्यांत "मी सगळ्यांना माफ केलं" म्हणालं की मी पेन खाली ठेवते आणि विचारते, कोण म्हणतंय? क्लायंटनं क्षमा केली म्हणून फाईल बंद करायची नसते. जिच्यासाठी फाईल उघडली तिला आधी विचारायचं असतं.

बेंगळुरूहून आल्यावर ताई शेवटच्या सेशनला आल्या. येताना पाण्याची बाटली घेऊन आल्या, बोलता बोलता अर्धी संपवली. निघताना मी धीर करून विचारलं, "ती मुलगी माझ्याबद्दल काय म्हणते?"

त्यांनी डोळे मिटले. हात मांडीवरच राहिले.

"तिला तुमचा आजून राग हाय मॅडम," त्या म्हणाल्या.

मी ते वाक्य तारीख घालून लिहून घेतलं, आणि मगच फाईल बंद केली.